उशिरा ऐकू आलेले सूर : फ्लॉरेन्स प्राइस

पाश्चात्त्य संगीताचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे बीथोव्हेन, मोझार्ट अशी दोन-तीन युरोपीय नावे उभी राहतात. अमेरिकेतही या संगीताची मोठी परंपरा निर्माण झाली, याची आपल्याला फारशी कल्पना नसते. त्या परंपरेत एका कृष्णवर्णीय स्त्रीने सिंफनी लिहिल्या, हे तर खुद्द अमेरिकेतील अनेक रसिकांनाही कित्येक वर्षे ठाऊक नव्हते. त्या स्त्रीचे नाव फ्लॉरेन्स प्राइस. तिच्या जीवनाचा अल्प परिचय करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

फ्लॉरेन्सचा जन्म ९ एप्रिल १८८७ रोजी अर्कान्सा राज्यातील लिटल रॉक या शहरात झाला. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा अवघी बावीस वर्षे झाली होती. वडील डॉ. जेम्स स्मिथ हे दंतवैद्य होते. आई संगीताची शिक्षिका होती. पियानोचे पहिले धडे फ्लॉरेन्सने तिच्याकडूनच घेतले. घर सुशिक्षित होते, पण घराबाहेरचे जग निराळे होते. दक्षिणेकडील राज्यांत काळ्यांच्या शाळा वेगळ्या, आगगाडीतील जागाही वेगळ्या असत.

१९०३ साली सोळा वर्षांची ही मुलगी बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरी या नामवंत संगीतशाळेत दाखल झाली. मुलीला वर्णभेदाचा जाच होऊ नये म्हणून आईने तिचे गाव मेक्सिकोतील प्वेब्लो असे नोंदवले. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या माझ्यासारख्याला प्रवेश-अर्जातील एकेका रकान्याचे ओझे ठाऊक आहे. पण स्वतःचे गावच लपवावे लागावे, यासारखे दुःख कोणते? फ्लॉरेन्सने मात्र १९०६ मध्ये ऑर्गनवादन आणि पियानो-अध्यापन अशा दोन पदविका एकदमच मिळवल्या. जॉर्ज चॅडविक या प्रसिद्ध रचनाकाराचे मार्गदर्शनही तिला तेथे लाभले.

त्यानंतर तिने शिक्षिकेचा पेशा पत्करला. अटलांटा येथील क्लार्क विद्यापीठात ती संगीत विभागाची प्रमुख झाली. १९१२ मध्ये थॉमस प्राइस या वकिलाशी विवाह करून ती लिटल रॉकला परतली. तेथील संगीतशिक्षकांच्या संघटनेने केवळ वर्णामुळे तिला सभासदत्व नाकारले. १९२७ मध्ये त्याच शहरात जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाची निर्घृण हत्या केली. त्या दहशतीच्या वातावरणात प्राइस कुटुंबाने गाव सोडले आणि उत्तरेकडील शिकागो गाठले.

शिकागोत नवे शिक्षण मिळाले, पण संसार टिकला नाही. १९३१ मध्ये घटस्फोट झाला आणि दोन मुलींची जबाबदारी एकट्या फ्लॉरेन्सवर आली. मूकपटांच्या थिएटरात ऑर्गन वाजव, शिकवण्या कर, टोपणनावाने रेडिओच्या जाहिरातींना चाली दे, अशी कामे करून तिने घर चालवले. काही काळ मार्गारेट बाँड्स या शिष्येच्या घरी तिला आसरा मिळाला. १९३१ च्या जानेवारीत पाय मोडून ती घरी पडली. त्या सक्तीच्या विश्रांतीत तिला सिंफनी लिहायला सलग वेळ मिळाला! पुन्हा पाय मोडण्याचे भाग्य कधी लाभेल, अशी थट्टाही तिने मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात केली आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडील गवई तंबोरा, तबला एवढ्या साथीवर मैफल उभी करतो. राग त्याच्या गळ्यातच फुलत जातो. सिंफनीचे तसे नाही. रचनाकार प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर कागदावर लिहितो आणि तो ऐकू येण्यासाठी साठ-सत्तर किंवा त्याहूनही अधिक वादक एकत्र यावे लागतात. वाद्यवृंदाने दार उघडले नाही, तर सिंफनी कागदावरच राहते.

फ्लॉरेन्सच्या बाबतीत ते दार एकदा उघडले. १९३२ मध्ये तिच्या ई मायनर सिंफनीला वानामेकर स्पर्धेचे पाचशे डॉलर्सचे पहिले पारितोषिक मिळाले. १५ जून १९३३ रोजी शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने फ्रेडरिक स्टॉक यांच्या संचालनाखाली ती सादर केली. अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदाने कृष्णवर्णीय स्त्रीची रचना वाजवण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. या सिंफनीचा तिसरा भाग जुबा नृत्यावर आधारलेला आहे. गुलामांना अनेक ठिकाणी ढोल बाळगण्याची बंदी होती. तेव्हा ते टाळ्या, मांड्या आणि पाय यांवर ताल धरून नाचत. मळ्यावरचा तो ताल फ्लॉरेन्सने सभागृहात आणला.

९ एप्रिल १९३९ रोजी सुप्रसिद्ध गायिका मारियन अँडरसन हिने वॉशिंग्टनला लिंकन स्मारकासमोर पंचाहत्तर हजार श्रोत्यांपुढे गायन केले. वर्णामुळे तिला तेथील एक मोठे सभागृह नाकारण्यात आले होते. त्या कार्यक्रमात फ्लॉरेन्सने बांधलेले एक भक्तिगीतही होते. योगायोग असा, की त्या दिवशी फ्लॉरेन्सचा बावन्नावा वाढदिवस होता.

एवढे होऊनही मोठ्या वाद्यवृंदांची दारे बहुतांशी बंदच राहिली. १९४३ मध्ये तिने बोस्टन सिंफनीचे संचालक कुसेवित्स्की यांना पत्र लिहिले. आपण स्त्री आहोत आणि आपल्या अंगात काळ्यांचे रक्त आहे, या दोन अडचणी तिने प्रारंभीच स्पष्टपणे मांडल्या. सवलत नको, रचना गुणांवर पारखावी, एवढेच तिचे मागणे होते. ज्या शहरात ती शिकली, त्या शहराच्या या वाद्यवृंदाने कुसेवित्स्की यांच्या कारकिर्दीत तिची एकही रचना वाजवली नाही. तरीही तिने लेखणी खाली ठेवली नाही. ३ जून १९५३ रोजी शिकागो येथे तिचे निधन झाले.

पुढे तिची काही गीते गायली जात राहिली, पण मोठ्या रचना विस्मृतीत गेल्या. २००९ मध्ये शिकागोच्या दक्षिणेस सेंट ॲन या गावी एका जोडप्याने एक पडके घर दुरुस्तीला काढले. झाड कोसळून छपराला भगदाड पडले होते. ज्या कोपऱ्यात पाऊस पोचला नव्हता, तेथे कागदांचे ढीग सापडले. ते घर फ्लॉरेन्सचे उन्हाळ्यातील निवासस्थान होते! त्या ढिगांत दोन व्हायोलिन कंचेर्टो आणि चौथी सिंफनी होती. कागदांवरचे नाव वाचून त्या जोडप्याने चौकशी केली आणि ते बाड अर्कान्सा विद्यापीठाच्या ग्रंथालयात सुरक्षित पोचले. १९४५ मध्ये लिहिलेली चौथी सिंफनी २०१८ मध्ये अर्कान्सातीलच फोर्ट स्मिथ येथील वाद्यवृंदाने प्रथम वाजवली. २०२२ मध्ये फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने ध्वनिमुद्रित केलेल्या तिच्या दोन सिंफनींना ग्रॅमी पुरस्कार लाभला.

गुणांचे चीज आज ना उद्या होतेच, असे आपण सहज म्हणतो. फ्लॉरेन्सचे चरित्र वाचल्यावर ते म्हणायला जीभ धजत नाही. छपराचे भगदाड चार हात अलीकडे पडले असते, तर ही सिंफनी कोणालाच ऐकू आली नसती. लिहिणे फ्लॉरेन्सच्या हाती होते, ते तिने अखेरपर्यंत केले. दार उघडणे इतरांच्या हाती होते, आणि त्यांनी त्याला त्र्याहत्तर वर्षे लावली.