आजी पडत कशी नाही? – भास्कराचार्यांची गोष्ट



अल्फारेटात सकाळचे दहा वाजतात तेव्हा पुण्याला आजीकडे रात्रीच्या जेवणाची तयारी चाललेली असते. म्हणजे आजी पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या बाजूला! मग ती खाली पडत कशी नाही? पृथ्वी सपाट आहे असे मानणारे लोक आजही हा प्रश्न विचारतात. भास्कराचार्यांनी त्याचे उत्तर पावणेनऊशे वर्षांपूर्वी दिले होते.

त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जलवीड. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ लिहिला. ‘लीलावती’ आणि ‘गोलाध्याय’ हे त्याचेच भाग.

त्या काळीही वाद होतेच. कोणी म्हणे, पृथ्वीला खालून आधार आहे. भास्कराचार्यांनी विचारले, मग त्या आधाराला आधार कोणाचा? आणि त्यालाही? कोणी म्हणे, पृथ्वी सतत खाली पडते आहे. त्यांनी दाखवले की वर फेकलेला दगड परत जमिनीवर येतो; एवढी जड पृथ्वी खाली धावत असती, तर दगडाने तिला गाठले असते का? पृथ्वी जड वस्तूंना स्वतःकडे ओढते, म्हणून त्या पडल्यासारख्या दिसतात, असे त्यांनी सांगितले. पलीकडचे लोकही आपल्यासारखेच सुखाने उभे असतात. मग जमीन सपाट का दिसते? कारण पृथ्वी खूप मोठी, माणूस खूप लहान, आणि मोठ्या वर्तुळाचा छोटा तुकडा सरळच भासतो.

पालकांसाठी एक गोष्ट. न्यूटनचा नियम भास्कराचार्यांनी आधीच शोधला होता, असे आपण अभिमानाने सांगतो. ते खरे नाही. ओढ किती आणि अंतराबरोबर ती कशी घटते, याचे गणित न्यूटनने १६८७ मध्ये मांडले. भास्कराचार्य तर पृथ्वी स्थिर आहे असेच मानत. तरीही त्यांचा मोठेपणा कमी होत नाही. रोज दिसणाऱ्या दगडाचा पुरावा देऊन त्यांनी वाद घातला.

पुढे त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्याची नोंद आहे.

मुलांनो, शाळेत कोणी पृथ्वी सपाट आहे म्हणाले, तर भांडू नका. एक चेंडू वर फेका आणि विचारा: हा परत का आला?