निसर्गाच्या स्थिरांकांना जाब विचारणारा शास्त्रज्ञ : पॉल डिरॅक

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात स्थिरांकांचा एक तक्ता असतो. प्रकाशाचा वेग, इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक. हे आकडे तुम्ही पाठ करता, उदाहरणात घालता आणि उत्तर काढता. शंभर कोटी वर्षांपूर्वीही हे आकडे हेच होते काय, असा प्रश्न तुम्ही कधी आपल्या सरांना विचारला आहे? वर्गात मुले हसतील म्हणून विचारला नसेल, तर ऐका. नोबेल पारितोषिक मिळविलेल्या एका प्राध्यापकांनी १९३७ साली हाच प्रश्न साऱ्या जगापुढे मांडला. त्यांचेच हे चरित्र.

पॉल डिरॅक यांचा जन्म ८ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरी झाला. वडील चार्ल्स हे मूळचे स्वित्झर्लंडचे. शाळेत फ्रेंच शिकवीत. शिस्त अतिशय कडक. जेवणाच्या टेबलावर वडिलांशी बोलायचे ते फ्रेंचमध्येच, असा दंडक होता. मनातले फ्रेंचमध्ये नीट सांगता येत नसे, म्हणून पॉल गप्प बसू लागले, असे ते पुढे सांगत. ही सवय जन्मभर टिकली. ताशी एक शब्द म्हणजे एक ‘डिरॅक’, असे मोजमापच केंब्रिजच्या सहकाऱ्यांनी थट्टेने ठरविले होते.

पालकहो, पुढचा भाग आपण जरा थांबून वाचावा. थोरला भाऊ फेलिक्स याला डॉक्टर व्हायचे होते. वडिलांनी त्याला इंजिनियरिंगला घातले. १९२५ साली त्या तरुणाने स्वतःच्या हाताने आपले आयुष्य संपविले. मुलांना शिकविण्याची तळमळ वडिलांच्या ठायी खरीच होती. पण मुलाचा कल विचारण्याची रीत त्या घरात नव्हती. वडील व पॉल यांच्यातला दुरावाही कधी भरून निघाला नाही.

पॉल यांनीही विद्युत अभियांत्रिकीचीच पदवी घेतली, १९२१ साली, पहिल्या वर्गात. पण मंदीचे दिवस होते, नोकरी मिळाली नाही. केंब्रिजला प्रवेश मिळत होता, तर शिष्यवृत्तीची रक्कम खर्चाला पुरत नव्हती. अशा वेळी ब्रिस्टल विद्यापीठाच्या गणित विभागाने त्यांना विनाशुल्क शिकू दिले. दोन वर्षांनी, १९२३ साली, पुरेशी शिष्यवृत्ती मिळून ते केंब्रिजला गेले. त्या दोन वर्षांची फी कोणी माफ केली नसती तर काय झाले असते, याचा विचार शिक्षणसंस्था चालविणाऱ्यांनी अवश्य करावा.

पुढची प्रगती विलक्षण वेगाची. १९२६ साली डॉक्टरेट. १९२८ साली इलेक्ट्रॉनचे ते प्रसिद्ध समीकरण. त्यातून इलेक्ट्रॉनसारखाच पण उलट विद्युतभाराचा कण असला पाहिजे असे निघाले, आणि १९३२ साली अमेरिकेत अँडरसन यांना तो सापडलाही. त्याच वर्षी, एके काळी न्यूटनकडे असलेले केंब्रिजचे अध्यासन डिरॅक यांच्याकडे आले. १९३३ साली श्रोडिंगर यांच्यासह नोबेल पारितोषिक. ते नाकारण्याचा त्यांचा विचार होता. परंतु नाकारल्यास प्रसिद्धी अधिकच होईल, असे रदरफर्ड यांनी समजावल्यावर त्यांनी ते स्वीकारले. स्टॉकहोमला जाताना त्यांनी आपल्या आईला बरोबर नेले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन व इलेक्ट्रॉन एकमेकांना दोन प्रकारे ओढतात, विद्युत बलाने आणि गुरुत्वाकर्षणाने. पहिले बल दुसऱ्याच्या किती पट? सुमारे दोनावर ३९ शून्ये, इतके पट. हा आकडा मीटरमध्ये मोजा वा फुटांत, बदलत नाही, कारण तो निव्वळ गुणोत्तर आहे. ही गोष्ट महत्त्वाची आहे. प्रकाशाचा वेग १९८३ साली व्याख्येनेच सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा ठरविला गेला. तेव्हा तो बदलला का, असे विचारण्यात अर्थ राहिला नाही. बदल शोधायचा तर तो अशा निव्वळ गुणोत्तरांतच शोधावा लागतो.

डिरॅक यांनी दुसरा आकडा काढला. इलेक्ट्रॉनएवढे अंतर ओलांडायला प्रकाशाला जो क्षण लागतो, तो एकक धरून विश्वाचे वय मोजले. उत्तर पुन्हा साधारण तसेच प्रचंड, चाळीस अंकांच्या घरातले! हा योगायोग असेल काय? डिरॅक यांना तो योगायोग वाटला नाही. विश्वाचे वय तर रोज वाढते. दोन्ही आकडे एकमेकांना बांधलेले असतील तर पहिलाही वाढला पाहिजे. म्हणजेच गुरुत्वाकर्षण हळूहळू क्षीण होत असले पाहिजे. हे टिपण फेब्रुवारी १९३७ मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात आले. जानेवारीतच त्यांचा विवाह मार्गिट विग्नर यांच्याशी झाला होता. हा लग्नाचा परिणाम, अशी थट्टाही सहकाऱ्यांत झाली.

पण थट्टेने विज्ञान ठरत नाही. १९४८ साली एडवर्ड टेलर यांनी हिशेब मांडला. गुरुत्वाकर्षण पूर्वी जास्त असेल तर सूर्य फार अधिक तेजाने तळपत असणार, आणि पृथ्वीही त्याच्या जवळ असणार. विश्वाचे जे वय त्या काळी मानले जाई, त्यानुसार वीस-तीस कोटी वर्षांपूर्वी समुद्र उकळण्याच्या बेतास आले असते. प्रत्यक्षात त्या काळच्या खडकांत सागरी प्राण्यांचे अवशेष मिळतात! पुढे विश्वाचे वय कितीतरी जास्त ठरले व हा आक्षेप थोडा सौम्य झाला. १९६१ साली रॉबर्ट डिकी यांनी वेगळेच उत्तर दिले. ताऱ्यांत कार्बनसारखी द्रव्ये शिजून मग माणूस निर्माण व्हायला तेवढा काळ लागणारच. म्हणून मोजणारा माणूस असतो तेव्हा विश्वाचे वय तेवढेच दिसणार. मला स्वतःला हे उत्तर फार समर्पक वाटते. डिरॅक यांना ते पटले नाही.

या वादात आपल्याकडील एक नाव येते. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल हे नावापुरते डिरॅक यांचे विद्यार्थी होते, आणि हॉइल यांचे विद्यार्थी कोल्हापूरचे जयंत नारळीकर. हॉइल व नारळीकर यांनीही १९७० नंतरच्या काळात, गुरुत्वाकर्षण काळाबरोबर कमी होते असा सिद्धांत मांडला होता.

शेवटी निवाडा मोजमापाने केला. डिरॅक यांच्या हिशेबाने गुरुत्वाकर्षण दर वर्षी दहा हजार कोटी भागांत साधारण सात भाग घटायला हवे. १९७५ च्या सुमारास चंद्राच्या गतीवरून अशी घट दिसल्याचा दावा अमेरिकेत झाला, पण तो टिकला नाही. १९७६ साली मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांचे अंतर रेडिओ संदेशांनी वर्षानुवर्षे मोजले गेले. त्याचा निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाला : घट असलीच तर डिरॅक म्हणतात त्यापेक्षा पुष्कळच कमी. अपोलोच्या अंतराळवीरांनी १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसर सोडून तर ही मर्यादा एक लाख कोटी भागांत एका भागाच्याही खाली गेली आहे.

अणूतील स्थिरांकांचीही अशीच झडती झाली. आफ्रिकेत गॅबन देशातील ओक्लो येथे सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी युरेनियमच्या खाणीत निसर्गतःच अणुभट्टी पेटली होती, हे १९७२ साली उघडकीस आले. तिच्या राखेतील समेरियमचे प्रमाण पाहता, विद्युत बलाचे मान दर्शविणारा १३७ चा व्यस्तांक तेव्हाही जवळजवळ हाच होता. दूरच्या क्वेसारांच्या प्रकाशात लाखात एका भागाचा फरक दिसतो, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९९ पासून सांगितले. इतरांना त्याची खात्री पटलेली नाही.

डिरॅक मात्र आपल्या अनुमानाला धरून राहिले. अमेरिकेत फ्लॉरिडातील टॅलाहासी येथे सत्तरी ओलांडल्यावरही ते त्यात दुरुस्त्या करीत होते. कोणी याला हट्ट म्हणतात. तसे म्हणा हवे तर. पण त्यांनी नुसती कल्पना मांडली नाही, तपासता येईल असा आकडा दिला, म्हणून तर तो खोडता आला.

२० ऑक्टोबर १९८४ रोजी टॅलाहासी येथेच त्यांचे निधन झाले. १९९५ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत, न्यूटनच्या समाधीजवळ, त्यांच्या स्मरणार्थ शिळा बसविण्यात आली. तिच्यावर त्यांचे १९२८ चे समीकरण कोरलेले आहे. चंद्रावरच्या त्या आरशांवर लेसर सोडून मोजणी अजूनही चालू आहे.