आरोपीच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर

दर वर्षी १४ एप्रिलला आपल्या सभागृहात बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी मोठ्या अभिमानाने वाचली जाते. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्हांला त्या यादीतील ‘बॅरिस्टर’ या एका शब्दापाशी थोडे थांबायचे आहे. अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब आणि घटनेचे शिल्पकार बाबासाहेब आपल्या परिचयाचे आहेत. फौजदारी खटल्यात आरोपीची बाजू मांडणारे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर मात्र आपल्या भाषणांतून क्वचितच भेटतात.

१८९१ साली महू येथे जन्मलेले भीमराव १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाचे एम. ए. झाले आणि पुढच्या वर्षी लंडनला आले. तेथे अर्थशास्त्राच्या अभ्यासाबरोबरच त्यांनी ग्रेज इन या विधिसंस्थेत नाव दाखल केले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना अर्धा अभ्यास टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पै-पै साठवली. छत्रपती शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. ग्रेज इनमध्ये केवळ परीक्षा देऊन भागत नसे. ठरावीक सत्रांत संस्थेच्या भोजनगृहात इतर विद्यार्थ्यांसमवेत पंक्तीला बसावे लागे. ज्या मुलाला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नव्हता, त्याला या पंक्तीत बसल्यावाचून बॅरिस्टर होता येणार नव्हते. १९२१ साली एम. एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर आणि १९२३ साली डी. एस्सी. अशी ही तपश्चर्या फळाला आली.

१९२३ साली त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. तेव्हा मोठी कामे सॉलिसिटरांच्या हातून येत, आणि अस्पृश्य बॅरिस्टराकडे ती सहसा वळत नसत. मिळतील ती कामे घेऊन ते जिल्ह्यांच्या न्यायालयांतही उभे राहिले. प्रपंचाला आधार म्हणून १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या संस्थेत ते व्यापारी कायदाही शिकवीत.

१९२६ साली पुण्यात एक गाजलेला खटला उभा राहिला. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकातील टिळक-चिपळूणकरांवरील जहाल टीकेबद्दल दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे व त्यांच्या सहकाऱ्यांना अब्रुनुकसानीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली होती. अपिलात बाबासाहेबांनी त्यांची बाजू घेतली. मृत व्यक्तीच्या बदनामीचा गुन्हा ठरण्यासाठी तिच्या कुटुंबीयांच्या किंवा निकटच्या आप्तांच्या भावना दुखावण्याचा हेतू असावा लागतो, असे तेव्हाची दंडसंहिता सांगत होती. फिर्यादी तर दूरचा नातलग होता. बाबासाहेबांनी नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवले आणि आरोपी निर्दोष सुटले. ब्राह्मणेतर चळवळीच्या या लढाईत त्यांनी आवेशावर नव्हे, कलमाच्या शब्दांवर भिस्त ठेवली, हे आम्हांला विशेष वाटते.

प्रत्येक वेळी यश मिळाले असे नाही. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यांनी शास्त्रीय उत्तरे दिली होती. समाज ज्यांना टाळत होता त्या कर्व्यांसाठी बाबासाहेब उच्च न्यायालयात उभे राहिले. खटला हरला. ज्ञान लपविणे हा उपाय नव्हे, ही त्यांची भूमिका मात्र पुढे काळानेच मान्य केली. त्यानंतर वर्षभराने, १९३५ साली, ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

या अनुभवाचा ठसा राज्यघटनेवरही दिसतो. जीवित व स्वातंत्र्याविषयीच्या कलमातील शब्दरचना अपुरी आहे, अशी टीका घटना समितीत होत होती. सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी स्वतः एक नवे कलम मांडले. तेच आजचे कलम २२. अटकेचे कारण आरोपीला कळविले पाहिजे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे आणि, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, हे त्याचे सार. याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही जागा राहिली आणि त्यावर तेव्हा कठोर टीका झाली, हेही प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. तरीही वस्तीतल्या एखाद्या मुलाला रात्री पोलीस घेऊन जातात, तेव्हा त्याच्या आईच्या हाती जे काही उरते, ते या कलमाने दिलेले असते. १९५६ साली बाबासाहेब गेले. ते २४ तास उरले.

आज आपल्या काही माजी विद्यार्थ्यांना फौजदारी कायद्यात एल. एलएम. करावेसे वाटते, कुणाला गुन्हेशास्त्र शिकावेसे वाटते. पोलीस ठाण्याची पायरी नको, अशी त्यांच्या पालकांची भीती आम्ही जाणतो; पिढ्यान्‌पिढ्या आपण ती पायरी आरोपी म्हणून किंवा फिर्याद नाकारला गेलेला माणूस म्हणूनच चढलो. म्हणूनच ती कायदा जाणणारा माणूस म्हणून चढणारे कुणी आपल्या घरातून निघाले पाहिजे. पालकांनी अशा मुलांना अडवू नये, आणि मुलांनी पदवी हाती आल्यावर वस्तीचा रस्ता विसरू नये, एवढीच आमची विनंती आहे.