शेडमध्ये घडलेला विश्वविक्रम : बर्ट मन्रो यांची जीवनकथा

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाजवळ इन्व्हरकार्गिल नावाचे शहर आहे. तेथील एका साध्या शेडमध्ये बर्ट मन्रो यांनी एकाच मोटारसायकलवर चार दशकांहून अधिक काळ काम केले. १९२० साली कारखान्यातून बाहेर पडलेल्या या गाडीचा मूळ कमाल वेग ताशी सुमारे ८९ किलोमीटर होता. ऑगस्ट १९६७ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातल्या बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर तीच गाडी ताशी २९५ किलोमीटरहून अधिक वेगाने धावली आणि एक हजार घनसेंटिमीटर गटातील विश्वविक्रम तिच्या नावावर नोंदला गेला. त्या दिवशी गाडीचे वय ४७ वर्षे होते आणि ती चालवणाऱ्या मन्रो यांचे ६८. त्यांच्यामागे ना कोणत्या कंपनीचे पाठबळ होते, ना अभियंत्यांचा ताफा.

भारतीय वाचकांना या गाडीच्या नावाचे विशेष कुतूहल वाटेल. तिचे नाव होते इंडियन. मात्र या नावाचा भारताशी काहीही संबंध नाही. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांसाठी त्या काळी रूढ असलेला शब्द मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील एका मोटारसायकल कंपनीने आपल्या उत्पादनाला दिला होता. मन्रो यांच्याकडे होती या कंपनीची स्काउट ही गाडी. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात बसवलेले दोन सिलिंडर आणि ६०० घनसेंटिमीटर क्षमतेचे इंजिन, अशी तिची रचना होती. रोजच्या वापरासाठी बनवलेली ती एक भरवशाची गाडी होती. शर्यतीचे यंत्र नव्हे. पुढे १९५३ मध्ये स्प्रिंगफील्डच्या कारखान्यातील उत्पादनच बंद पडले. तरीही इन्व्हरकार्गिलमधील त्या एका स्काउटचा वेग त्यानंतरही वाढतच राहिला.

हर्बर्ट जेम्स मन्रो यांचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी झाला. त्यांच्या जुळ्या बहिणीचा जन्माच्या वेळीच मृत्यू झाला आणि हे मूलही दोन वर्षांहून अधिक जगणार नाही, असे डॉक्टरांनी आईवडिलांना सांगितले होते. ते मूल जगले आणि एडनडेल येथील कौटुंबिक शेतावर वाढले. वेगाची ओढ लहानपणापासूनच होती. शेतावरील सर्वांत चपळ घोड्यावरून भरधाव रपेट मारणे हा त्यांचा आवडता उद्योग होता. मोटारसायकली आल्या आणि घोड्याची जागा त्यांनी घेतली.

तरुणपणी मन्रो यांनी शेतीत राबून पाहिले, ओटिरा येथील रेल्वे बोगद्याच्या बांधकामावर काम केले आणि पुन्हा शेतीकडे वळले. काही काळ ते व्यावसायिक शर्यतपटू होते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नपर्यंत जाऊन त्यांनी शर्यतींत भाग घेतला. जागतिक महामंदीच्या काळात मायदेशी परतल्यावर मोटारसायकलींचा विक्रेता आणि मेकॅनिक म्हणून त्यांनी उपजीविका केली. स्काउटमध्ये बदल करण्यास त्यांनी १९२६ मध्येच प्रारंभ केला होता. दिवसा नोकरी आणि रात्री शेडमधील काम, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. अनेकदा रात्रभर काम करून ते सकाळी थेट कामावर जात. १९२७ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यांना चार अपत्ये झाली. मात्र १९४७ मध्ये हा विवाह संपुष्टात आला. त्यानंतर नोकरी सोडून त्यांनी आपला सारा वेळ गाड्यांनाच दिला. झोपण्याची जागा आणि कामाची जागा यांत मग फारसे अंतर उरले नाही.

इंजिनातून अधिक शक्ती मिळवण्याचे मूळ तत्त्व सोपे आहे. सिलिंडरमध्ये अधिक हवा आणि त्या प्रमाणात अधिक इंधन जाळता आले पाहिजे. मूळ स्काउटच्या झडपा सिलिंडरच्या बाजूला होत्या. या रचनेत हवेला वळसा घेऊन आत यावे लागते. मन्रो यांनी झडपा सिलिंडरच्या माथ्यावर आणल्या, त्यामुळे हवेचा मार्ग सरळ झाला. सिलिंडरचा व्यास टप्प्याटप्प्याने वाढवत त्यांनी ६०० घनसेंटिमीटरचे इंजिन प्रथम ८५० आणि अखेरीस ९५० घनसेंटिमीटरपर्यंत नेले. शक्ती वाढली की प्रत्येक भागावरील ताण वाढतो, आणि मूळ भाग हा ताण सोसण्यासाठी बनवलेले नव्हते. असे भाग बाजारात मिळत नव्हते आणि मिळाले असते तरी ते घेण्यासाठी मन्रो यांच्याकडे पैसे नव्हते.

त्यामुळे त्यांनी ते स्वतः बनवले. धातू वितळवून आणि जुन्या डब्यांचा साच्यासारखा उपयोग करून त्यांनी पिस्टन ओतले. सिलिंडर, फ्लायव्हील आणि झडपांची हालचाल नियंत्रित करणारे कॅम त्यांनी घरीच तयार केले. तेलपुरवठ्याची व्यवस्थाही स्वतःच रचली. पिस्टनला फ्लायव्हीलशी जोडणारे दांडे, म्हणजे कनेक्टिंग रॉड, त्यांनी ट्रॅक्टरच्या जुन्या अक्षाच्या पोलादातून कानशीने घासून घडवले. मोजमापासाठी महागडा मायक्रोमीटर नसे. चाकाचा एक जुना स्पोक त्याचे काम करी. यंत्रशाळेत एखाद्या दिवसात झाला असता असा भाग मन्रो यांच्याकडे आठवडे किंवा महिने घेई.

यातील बरेच भाग टिकले नाहीत. पिस्टन फुटत, दांडे मोडत, सिलिंडरना तडे जात. एका अपयशाने काही महिन्यांचे श्रम वाया जात. परंतु मन्रो मोडलेला भाग फेकून देत नसत. शेडमधील एका फळीवर ते तो ठेवत आणि वेगदेवतेला वाहिलेले नैवेद्य अशा अर्थाची ओळ त्यांनी त्या फळीवर लिहिली होती. या विनोदामागे एक कार्यपद्धती होती. मोडलेला भाग नेमका कोठून मोडला, हे पुढच्या भागाला ठाऊक असावे लागते. धातू कोणत्या ठिकाणी बारीक होता, उष्णता कोठे साठली, तेल कोठे पोहोचले नाही, याची उत्तरे त्या तुकड्यांतच होती. प्रयोगशाळा नसलेल्या माणसाने अपघातांनाच प्रयोगशाळा बनवले.

केवळ इंजिन सुधारून मात्र भागणार नव्हते. वेग वाढतो तशी हवा अडथळा बनते आणि ती मागे सारण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करायचा तर हवेशी झुंजण्यासाठी आठपट शक्ती हवी. मन्रो यांनी मूळ वेग तिपटीहून अधिक वाढवला. वाहनाचा आकार तोच राहिला असता तर त्यासाठी तीसपटीहून अधिक शक्ती लागली असती. म्हणून माशाच्या शरीरासारखे निमुळते कवच गाडीभोवती बसवणे अपरिहार्य ठरले. त्यांनी प्रथम अॅल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून असे कवच बनवले आणि नंतर फायबरग्लासचे. त्यात शिरल्यावर चालकाला पोटावर झुकून, जवळजवळ आडवे होऊन गाडी चालवावी लागे. गाडी कोसळली तर बाहेर पडण्याला वाव नव्हता.

मायदेशात मन्रो यांनी १९३८ मध्ये पहिला राष्ट्रीय विक्रम नोंदवला आणि जानेवारी १९४० मध्ये खुल्या रस्त्यावर ताशी सुमारे १९४ किलोमीटरचा वेग गाठला. इन्व्हरकार्गिलजवळचा ओरेटी समुद्रकिनारा हे त्यांचे नेहमीचे चाचणीचे मैदान होते. ओहोटीनंतर घट्ट झालेल्या वाळूवर त्यांची गाडी धावे. परंतु त्यांच्या यंत्राला आता त्याहून लांब, सपाट आणि मोकळी जागा हवी होती. अशी जागा पॅसिफिक महासागरापलीकडे होती. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांना हृदयविकाराचा त्रास सुरू झाला होता. तरीही जहाजातून गाडी घेऊन ते बॉनव्हिलला जाऊ लागले. आयुष्यात त्यांनी तेथे दहा वेळा भेट दिली आणि त्यांपैकी नऊ वेळा ते स्पर्धेत उतरले.

बॉनव्हिल हा एका प्राचीन सरोवराचा आटलेला तळ आहे. मैलोन्मैल पसरलेल्या पांढऱ्या, सपाट मिठावर १९४९ पासून वेगाच्या चाचण्यांचा वार्षिक सप्ताह भरतो. घरामागच्या गॅरेजमध्ये जुन्या मोटारींना मोठी इंजिने बसवणारे हौशी कारागीर तेथे आपले यंत्र पारखायला येत. त्यांच्यात मन्रो सहज मिसळले. विक्रमासाठी तेथील नियम कठोर होता. एकाच दिशेची धाव पुरेशी नसे. ठरावीक वेळेत उलट दिशेनेही धावावे लागे आणि दोन्हींची सरासरी ग्राह्य धरली जाई. वाऱ्याची साथ एका धावेत मिळाली तरी दुसरीत ती विरोधात जाते.

१९६२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, मन्रो यांनी ८५० घनसेंटिमीटरच्या इंजिनासह ताशी सुमारे २८८ किलोमीटरचा विक्रम केला. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकी मोटार उद्योगाने टर्बोचार्जर बसवलेली पहिली प्रवासी वाहने बाजारात आणली. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरवून सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबणारे हे साधन आज घरोघरच्या हौशी मोटार-कारागिरांचे आवडते आहे. त्या दोन वाहनांपैकी ओल्ड्समोबील जेटफायर या मोटारीच्या साडेतीन लिटरच्या इंजिनातून २१५ अश्वशक्ती मिळे. परंतु दाब आणि उष्णता यांमुळे इंधन अवेळी पेटू नये म्हणून तिच्या इंजिनात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण सोडावे लागे, आणि ते भरण्यास अनेक मालक विसरत. १९६३ नंतर तिचे उत्पादन थांबले. मन्रो यांनी टर्बोचार्जरचा मार्ग घेतला नव्हता. पण त्यांचा शत्रू तोच होता. विशाल उद्योगसमूह असो वा एकटा कारागीर, वाढवलेल्या शक्तीचा हिशेब अखेर उष्णता, दाब आणि सर्वांत दुबळा भाग यांच्याशीच करावा लागतो.

१९६६ मध्ये एक हजार घनसेंटिमीटर गटात त्यांनी ताशी सुमारे २७० किलोमीटरची नोंद केली. पुढच्या वर्षी ९५० घनसेंटिमीटरचे इंजिन घेऊन ते परतले. पात्रता फेरीत एका दिशेने त्यांची गाडी ताशी जवळजवळ ३०६ किलोमीटर वेगाने धावली. इंडियन मोटारसायकलवर अधिकृतपणे नोंदला गेलेला तो सर्वोच्च वेग ठरला. त्यानंतर दोन्ही दिशांच्या सरासरीतून तो विश्वविक्रम सिद्ध झाला.

त्यांचे नावही या अमेरिकी वाऱ्यांतून थोडे बदलले. १९५७ मध्ये एका अमेरिकी नियतकालिकाने रोमन लिपीत त्यांच्या टोपणनावातील एक स्वर चुकीचा छापला. मन्रो यांनी ती चूक दुरुस्त करण्याऐवजी नवे स्पेलिंगच स्वीकारले. दुसरी एक चूक मात्र त्यांच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी दुरुस्त झाली. १९६७ च्या दोन धावांची सरासरी काढताना आकडेमोडीत त्रुटी राहिल्याचे त्यांचे पुत्र जॉन यांच्या लक्षात आले. २०१४ मध्ये अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनने विक्रमाची सुधारित नोंद केली आणि तो ताशी १८४.०८७ मैल, म्हणजे सुमारे २९६ किलोमीटर, असा झाला. ज्या माणसाने मिलिमीटरच्या अंशांसाठी रात्री घालवल्या, त्याच्या वाट्याचा अर्धा मैल त्याला परत मिळाला.

१९७७ मध्ये मन्रो यांना पक्षाघाताचा झटका आला. हातापायांच्या हालचालींवरील पूर्वीचा ताबा राहिला नाही. आपली स्काउट आणि त्यांनी अशाच निष्ठेने सुधारलेली १९३६ ची व्हेलोसेट, या दोन्ही गाड्या दक्षिण न्यूझीलंडमध्येच राहाव्यात, अशी त्यांची इच्छा होती. म्हणून त्यांनी त्या इन्व्हरकार्गिलमधील हेस कुटुंबाच्या व्यवसायाला विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसन यांनी १९७१ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला होता; २००५ मध्ये त्यांनीच अँथनी हॉपकिन्स यांना घेऊन कथापट निर्माण केला आणि मन्रो यांचे नाव जगभर पोहोचले. २००६ मध्ये अमेरिकेतील मोटारसायकल क्षेत्राच्या सन्मानदालनात त्यांना स्थान मिळाले.

आज घरच्या गॅरेजमध्ये वाहनाची शक्ती वाढवू पाहणाऱ्या हौशींना तयार सुटे भाग, टर्बोचार्जर आणि संगणकीय नियंत्रण सहज उपलब्ध आहे. मन्रो यांच्याकडे यांपैकी काहीच नव्हते. मोडलेल्या भागाकडून शिकण्याची चिकाटी मात्र होती, आणि ती कोणत्याही दुकानात मिळत नाही. इन्व्हरकार्गिलमधील हेस यांच्या दालनात गेलेल्या माणसाला त्यांच्या गाड्यांबरोबर त्यांनी हाताने घडवलेले भागही पाहता येतात.