कधीच पोलिसात नव्हता, तरी पोलिसांनी त्याच्यासाठी ७१४ नंबरचा बिल्ला कायमचा बंद केला

२३ डिसेंबर १९८२ ला जॅक वेब वारला, तेव्हा लॉस एंजेलिस पोलिसांनी त्याला खात्यातल्या माणसासारखा निरोप दिला. ७१४ नंबरचा बिल्ला यापुढे कुणालाच द्यायचा नाही, असंही ठरलं. गंमत म्हणजे वेब एक दिवसही पोलिसात नव्हता. ७१४ हा त्याच्या ‘ड्रॅगनेट’ मालिकेतल्या सार्जंट जो फ्रायडेचा नंबर.

तर हा जॅक वेब होता कोण?

१९२० साली सांता मोनिकात त्याचा जन्म झाला. वडील घर सोडून गेलेले. आई आणि आजीनं गरिबीत वाढवलं, त्यात दमा. महायुद्धानंतर तो रेडिओवर काम करू लागला. १९४८ च्या ‘ही वॉक्ड बाय नाइट’ सिनेमात त्याला छोटी भूमिका मिळाली. तिथे सल्लागार होते पोलीस सार्जंट मार्टी विन. खऱ्या केसेसवर कार्यक्रम करण्याची कल्पना त्यांचीच. मग वेब पोलिसांच्या गाडीतून फिरला, त्यांची बोली, त्यांची कामाची पद्धत टिपत राहिला.

३ जून १९४९ ला ‘ड्रॅगनेट’ एनबीसी रेडिओवर आलं आणि डिसेंबर १९५१ मध्ये टीव्हीवर. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक, तिन्ही वेबच.

तोवर रेडिओवरचे गुप्तहेर म्हणजे टाळीबाज संवाद आणि हाणामारी. फ्रायडे मात्र दारं ठोठावायचा, साक्षी घ्यायचा, अहवाल लिहायचा. संवाद तुटक आणि कोरडे. तसेच ते यावेत म्हणून वेब नटांना पाठांतराऐवजी टेलिप्रॉम्प्टरवरून वाचायला लावायचा. शेवटी आरोपीला काय शिक्षा झाली तेही सांगितलं जायचं.

पण या खरेपणाची किंमत होती. पोलीस केसेस आणि मदत द्यायचे, त्या बदल्यात संहिता खात्याच्या नजरेखालून जायच्या. मालिका टीव्हीवर आली त्याच महिन्यात, नाताळच्या दिवशी, याच खात्याच्या पोलिसांनी कोठडीतल्या सात जणांना बेदम मारलं होतं. त्यातले बहुतेक मेक्सिकन वंशाचे. फ्रायडेच्या शहरात मात्र पोलीस म्हणजे सरळ, दमलेला, प्रामाणिक माणूस. १९६५ ला वॉट्समध्ये पोलिसांविरुद्धच्या रागातून दंगल पेटली, ३४ जण गेले. दोन वर्षांनी ‘ड्रॅगनेट’ परत आलं, तेव्हा फ्रायडे तरुणांना ड्रग्जवर उपदेश करत होता.

मधे १९६३ मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या टीव्ही विभागाची सूत्रं त्याच्याकडे आली आणि लवकरच गेलीही. १९६८ ला गस्तीवरच्या दोन पोलिसांची ‘अ‍ॅडम-१२’ आली. १९७२ च्या ‘इमर्जन्सी’ने वेगळंच काम केलं. पॅरामेडिक सेवा तेव्हा अमेरिकेत मोजक्याच ठिकाणी होती; ती काय असते हे या मालिकेनं घराघरात पोचवलं.

हृदयविकारानं गेला तेव्हा तो ६२ वर्षांचा होता आणि ‘ड्रॅगनेट’ पुन्हा आणायच्या तयारीत होता. तपासाची एकेक पायरी दाखवणाऱ्या पोलीस मालिका आजही त्याच्याच वाटेनं जातात. आणि पोलिसांच्या मदतीनं पोलिसांची गोष्ट किती खरी सांगता येते, हा प्रश्नही त्याच वाटेवर आहे.