पहाटे चारची बेसिक

शाळेत मी बेसिक नुसती पाठ केली. ओळींना दहा, वीस, तीस नंबर घालायचे आणि मार्क घ्यायचे. ही भाषा काढली कुणी, हे विचारायचं सुचलंच नाही.

जॉन केमेनींचा जन्म १९२६ चा, बुडापेस्टचा. ज्यू कुटुंब, १९४० मध्ये त्यांनी अमेरिका गाठली. प्रिन्स्टनला असताना ते चक्क आइन्स्टाइनचे गणितातले मदतनीस! पुढे डार्टमथ कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. तेव्हा प्रोग्रॅम म्हणजे पंचकार्डांचा गठ्ठा. तो देऊन यायचं आणि वाट बघत बसायचं. एक स्वल्पविराम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. साहित्य, इतिहासवाल्या पोरांनाही कॉम्प्युटर वापरता आला पाहिजे, हा केमेनी आणि टॉम कर्ट्झ यांचा हट्ट. म्हणून सोपी भाषा, आणि एका मशीनवर अनेकांनी एकदम काम करायची टाइम-शेअरिंग पद्धत. ती उभी करायला विद्यार्थीच रात्री जागले (सबमिशनसाठी नव्हे!). १ मे १९६४ च्या पहाटे चारला दोन टर्मिनलवर एकदमच रन दिलं, दोन्हीकडे उत्तर बरोबर आलं.

गोटोमुळे बेसिकमध्ये खिचडी होते, हे खरंच. पण सुरुवात करायची भीती तिनेच घालवली, असं मला वाटतं.

१९७० ते १९८१ केमेनी कॉलेजचे अध्यक्ष होते, तरी वर्ग घेणं सोडलं नाही. १९९२ मध्ये ते गेले.