संत जॉन बॉस्को आणि वाल्दोक्कोचे कारखाने

दहावीचा निकाल लागला की चर्चच्या कार्यालयात पेढे येतात. ज्या घरांतून पेढे येत नाहीत, तिथे आम्ही स्वतः जातो. मुलगा आतल्या खोलीत असतो. आई हळू आवाजात सांगते, फादर, आता ह्याला आयटीआयलाच घालावे लागेल. तो 'लागेल' ऐकला की आम्हाला 31 जानेवारीला ज्यांचा सण येतो ते संत जॉन बॉस्को आठवतात. म्हणून ह्या रविवारी त्यांच्याविषयी थोडे.

उत्तर इटलीतील पिडमाँट प्रांतात बेक्की नावाच्या वाडीवर 16 ऑगस्ट 1815 रोजी त्यांचा जन्म झाला. दोन वर्षे पुरी होण्याआधीच वडील वारले. आई मार्गरेट हिने शेतात राबून घर सावरले. जॉनला शिकायचे होते. थोरल्या सावत्र भावाला मात्र शेतकऱ्याच्या घरात पुस्तक खपत नसे. भांडणे इतकी वाढली की आईने जॉनला परक्याच्या शेतावर गडी म्हणून पाठवले. पुढे शाळेसाठी तो एका शिंप्याकडे राहिला आणि सुई-दोरा शिकला. लोहाराकडे घण मारला. कीएरी गावात कॉफीच्या दुकानात काम करता करता मिठाई बनवायलाही शिकला. 5 जून 1841 रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली तेव्हा त्या हातांना चार धंद्यांची ओळख होती.

तुरिन शहर तेव्हा वाढत होते. डोंगरातल्या गावांतून पोरे कामाला येत, विटा वाहत, धुराडी साफ करीत. फादर योसेफ कफासो ह्यांनी तरुण डॉन बॉस्कोंना तुरुंगात नेले. बारा ते अठरा वर्षांची मुले तिथे कोंडलेली होती आणि सुटलेली मुले पुन्हा तिथेच येत होती. कारण साधे होते. बाहेर त्यांचे कोणी नव्हते.

त्याच वर्षी 8 डिसेंबरला, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, सॅक्रिस्टीत शिरलेल्या एका अनाथ गवंडी पोराला तिथला सेवक झोडपू लागला. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावले, विचारपूस केली, त्याच्याबरोबर 'नमो मरिया' म्हटली. तिथून रविवारचा मेळा सुरू झाला. गोंगाटामुळे त्यांना जागोजागी हुसकावले गेले. अखेर 1846 च्या पुनरुत्थानाच्या रविवारी वाल्दोक्को भागात एक बुटकी शेड भाड्याने मिळाली.

त्या नोव्हेंबरात आई गाव सोडून मुलाच्या मदतीला आली. 1847 च्या मे महिन्यात पावसाने चिंब झालेला एक पोर दारात उभा राहिला. त्याच्याआधी आसरा दिलेली काही पोरे पांघरुणे घेऊन पळाली होती, तरी मार्गरेटने विटांवर फळ्या टाकून स्वयंपाकघरात त्याचे अंथरूण घातले. ह्या पहिल्या मुलामागून इतर आले. तिने अंगणात भाजीचा मळा केला होता. एके दिवशी पोरांनी लढाईचा खेळ खेळताना तो पार तुडवला. वाडी करणाऱ्यांना तिचा संताप वेगळा समजावून सांगायला नको! ती गावी परत जायला निघाली. डॉन बॉस्को काही बोलले नाहीत, त्यांनी भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट दाखवले. ती राहिली, ती 1856 साली मरेपर्यंत.

पोरे दिवसा शहरातल्या मालकांकडे कामाला जात. शिकाऊ मुलगा म्हणजे हरकाम्या अशी तेव्हाची रीत होती. डॉन बॉस्को मालकांकडून लेखी करार करून घेऊ लागले. 1852 सालचा एका सुतारशिकाऊ मुलाचा असा करार जतन झालेला आहे. मुलाला शब्दाने सुधारावे, मारू नये. त्याच्या धंद्यापलीकडची कामे लावू नयेत. रविवार व सण मोकळे द्यावेत. वर्षाकाठी 15 दिवस सुटी द्यावी. मजुरी दरवर्षी वाढवावी. आज कायद्याच्या पुस्तकात शोभतील अशा ह्या अटी एका गरीब धर्मगुरूने पदरी कसलीही सत्ता नसताना मालकांच्या गळी उतरवल्या. रात्री ते पोरांना हिशेब शिकवीत. पिडमाँटमध्ये मेट्रिक मापे लागू होणार म्हणून 1849 साली त्यांनी त्यावर सोपे पुस्तकही लिहिले.

पण मालकांकडची शिवीगाळ आणि वाईट संगत करारात थोडीच थांबते? म्हणून 1853 साली त्यांनी घरातच चांभारकाम आणि शिवणकाम सुरू केले. 1854 साली पुस्तकबांधणी आली. ती स्वतः डॉन बॉस्कोंनाही धड येत नव्हती; आईने पिठाची खळ करून दिली आणि पहिले पुस्तक कसेबसे बांधले गेले. मग सुतारकाम, छापखाना, लोहारकाम.

हे सगळे सुरळीत चालले असे समजू नये. पगारी उस्ताद आपला फायदा आधी पाहत. पगार, वाटा, कंत्राट असे नाना प्रयोग झाले. शेवटी व्रतस्थ सालेशियन बंधू स्वतः उस्ताद झाले तेव्हा कारखान्याला घरपण आले. शिवाय एकाच छपराखाली लॅटिन शिकणारे विद्यार्थी आणि कारागीर पोरे राहत होती. कमीपणा कोणाला वाटला असेल हे सांगायला नको. सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल वाचला. त्याच्या उत्तम नगरात कारागिराला नागरिकत्व नाही. इतके जुने आहे हे दुखणे. वाल्दोक्कोत 1859 साली कारागीर मुलांसाठी संत योसेफाच्या नावाने संघ निघाला, म्हणजे नाझरेथचा सुतार त्यांचा आश्रयदाता झाला.

1884 च्या तुरिन प्रदर्शनात सालेशियनांनी कागद बनवण्यापासून छापून बांधलेल्या पुस्तकापर्यंतचे सारे काम लोकांसमोर चालवून दाखवले. परीक्षकांनी रौप्यपदक ठरवले. डॉन बॉस्कोंनी त्याविरुद्ध लेखी तक्रार केली! संतांनी बक्षिसासाठी हट्ट धरावा, हे काहींना खटकेल. आम्हाला तसे वाटत नाही. तो मान पोरांच्या हातांचा होता आणि त्यात त्यांना सूट नको होती.

1886 साली संघाच्या सभेने कारागीर मुलांच्या शिक्षणाचा आराखडा केला. धर्म, अभ्यास आणि धंदा, तिन्ही एकत्र. दीड वर्षाने, 31 जानेवारी 1888 च्या पहाटे, डॉन बॉस्को वाल्दोक्कोतच प्रभूकडे गेले. पोप अकरावे पायस ह्यांनी 1934 साली त्यांना संत घोषित केले.

सालेशियन 1906 साली तंजावरला आले. आपल्याजवळ कुर्ल्याला त्यांची तंत्रशिक्षणाची संस्था आहे. ज्या घरांत पेढे आले नाहीत, त्यांनी मुलाला घेऊन तिथली वर्कशॉप जरूर पाहून यावीत. मुलाला आतल्या खोलीत ठेवून नव्हे, पुढे चालवून.